‘नाही’ ऐकायची सवय : लिनक्सच्या एका अलिखित नियमाची चिकित्सा



विषय पाहून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराने संगणकाच्या पोटात कशाला हात घालावा? पण तिथला एक प्रश्न आमच्याच प्रांतातला आहे. जे वचन कुणी दिलेलंच नाही, त्यावर सगळे विसंबून राहिले, तर दोष कुणाचा?

आधी वस्तुस्थिती पाहू. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा; लष्करातला नव्हे! मेमरी कुणाला किती द्यायची, हे तो ठरवतो. त्याच्या स्वतःच्या कामालाही मेमरी लागते. ती मागताना नियम असा, की मागणी फेटाळली जाऊ शकते. म्हणून दरवेळी ‘मिळाली का?’ हे तपासा. न तपासता पुढे गेलात, तर नसलेल्या जागेवर लिहायला जाल आणि मशीन कोसळेल. नियम शहाणपणाचा आहे, याबद्दल वाद नाही.

लिनक्समध्ये प्रत्यक्षात चालत आलं ते मात्र वेगळं. मेमरी पानांत मोजतात. एक पान बहुतेक मशीनवर ४ केबीचं. आठ पानांपर्यंतची, म्हणजे ३२ केबीपर्यंतची नेहमीची मागणी कर्नल सहसा नाकारतच नाही. मेमरी नसेल तर पुन्हा पुन्हा शोधत राहतो. अगदीच संपली, तर एखादा चालू प्रोग्रॅम मारून जागा मोकळी करतो. या यंत्रणेचं नाव ‘ओओएम किलर’.

आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथे पोहरा रिकामा वर काढायचाच नाही, असं ठरलेलं. मग काय होतं? समजा, फाइल सिस्टिमच्या कोडने एक कुलूप, म्हणजे लॉक, हातात धरलंय आणि ते मेमरी मागतंय. कर्नलने मारायला जो प्रोग्रॅम निवडला, तो नेमका त्याच कुलपासाठी थांबलेला. कुलूप सुटल्याशिवाय तो मरत नाही, तो मेल्याशिवाय मेमरी सुटत नाही, आणि मेमरी मिळाल्याशिवाय कुलूप सुटत नाही. मशीन जागच्या जागी गोठतं. २०१४च्या अखेरीस एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या निमित्ताने हे प्रकरण चर्चेत आलं, तेव्हा छोटी मागणी नाकारली जात नाही, हे अनुभवी मंडळींपैकीही काहींना नवीन होतं.

यावर पुढे उपाय झाला. २०१६मध्ये, लिनक्सच्या ४.६ या आवृत्तीत, ‘ओओएम रीपर’ आला. मारायला निवडलेला प्रोग्रॅम स्वतः बाहेर पडेल याची वाट न पाहता, त्याची शक्य तेवढी मेमरी हा काढून घेतो. गाठ सोडवायची युक्ती म्हणून मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन. पण माझा आक्षेप उरतोच. गाठ सुटली, ती जिथून पडत होती ती सवय तशीच राहिली.

कोणी म्हणेल, मग उद्यापासून सरळ ‘नाही’ म्हणू द्या की! इथेच खरी मेख आहे. नकार मिळाल्यावर काय करायचं, याचा कोड हजारो ठिकाणी लिहिलेला आहे. पण नकार कधी मिळालाच नाही, म्हणून त्यातला बराचसा कधी चाललाच नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचं तर, तो बरोबर आहे हे आपलं अनुमान. चालवून पाहिलं तर प्रत्यक्ष. आणि अनुमानाला आधार काय? ‘लिहिणारा हुशार होता’, एवढाच. एका रात्रीत नकार सुरू केला, तर हे सगळे न मळलेले रस्ते एकदम वापरात येतील, आणि एका क्रॅशच्या जागी अनेक क्रॅश उभे राहतील. सावध विकासकांची ही भीती मला खोटी वाटत नाही.

तरीही भीती हा निर्णय नव्हे. ज्याला नकार खरोखर परवडतच नाही, त्याने तसं उघड लिहावं. त्यासाठी ‘नोफेल’ नावाची खूण कर्नलमध्ये आहेच. बाकीच्यांना नकाराचा सराव द्यावा. तेही साधन हाताशी आहे : २००७पासून लिनक्समध्ये ‘फॉल्ट इंजेक्शन’ आहे, ज्यात चाचणीच्या वेळी मेमरीची मागणी मुद्दाम नाकारता येते. पोराला पोहायला शिकवायचं ते पूर येण्याआधी, नाही का?

म्हणजे दोष एकट्या कर्नलचा नाही. त्याने न बोलता हो म्हटलं, आणि मागणाऱ्यांनी ‘नाही’ ऐकण्याची तयारी कागदावरच ठेवली. क्रॅश दुरुस्त करणं म्हणजे तो पुन्हा दिसू नये एवढंच नव्हे. अपयश वेळेवर, स्पष्ट आणि सोसता येईल असं यावं, ही खरी दुरुस्ती. यंत्राने निदान एवढा प्रामाणिकपणा ठेवावा, अशी अपेक्षा आपण करू शकतो.

इथे थांबतो. तुमचे आक्षेप जरूर सांगा. मला ‘नाही’ ऐकायची सवय आहे!