देवणीचे रूप वाचताना

देवणी गाईच्या कानापासून आपण सुरुवात करू. लांब, खाली लोंबणारा, टोकाशी किंचित वळलेला हा कान पाहताच सौराष्ट्रातल्या गीरशी असलेले तिचे नाते ओळखू येते. कपाळ मात्र गीरसारखे घुमटाकार फुगत नाही, ते रुंद राहून हलकेच उंचावते. लातूर-उदगीरपासून नांदेडपर्यंत आणि पलीकडे बिदरपर्यंतच्या रानांत ही जात घडली. चार-पाच गाईंची दावण उभी करू पाहणाऱ्याने मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जरूर फिरावे, आणि पहिला दिवस केवळ डोळे भरून पाहण्यात घालवावा.

डोळ्यांना पहिला मोह रंगाचा. सगळे अंग पांढरेशुभ्र आणि तोंडाच्या बाजूंना काळी छाया, ती वानेरा. वर निखळ पांढरी आणि पोटाखाली काळे ठिपके लपवणारी बालंक्या. पांढऱ्यावर काळे ठसे मनसोक्त विखुरलेली शेवरा. मला स्वतःला वानेरा अधिक भावते. पण रंगाने मन वेधले की हात पुढे करावा आणि शेवटच्या बरगडीवरची कातडी चिमटीत धरावी. ती सैल, मऊ असावी, सोडताच सुळकन जागेवर जावी. या एका स्पर्शात तिच्या चाऱ्याची, पाण्याची आणि प्रकृतीची हकिकत कळते. जुनी माणसे याच वेळी अंगावरचे भोवरेही तपासतात. भोवऱ्यावरून दूध ठरते असे मी मानत नाही, तरीही त्या निमित्ताने बोटे गाईच्या वितभर वितभर अंगावरून फिरतात, ही त्या रीतीची थोरवी मला फार मोलाची वाटते.

आणि मग कास! भरलेली कास कुणालाही सुंदर दिसते. रसिकाने थांबावे ते धार काढून होईपर्यंत. खरी दुधाळ कास रिकामी झाली की धुतलेल्या मऊ वस्त्रासारखी घड्या पाडत मागे सरते, नुसत्या मांसाची कास मात्र तशीच फुगलेली राहते. चारही सड सारख्या अंतरावर, काळसर, मुठीत सहज मावणारे. कासेपासून पोटाखालून पुढे निघालेली दुधाची शीर जाड आणि नागमोडी. देवणी एका वेतात साधारण ६०० ते १२०० लिटर दूध देते. आकडा संकरित गाईपुढे लहान खरा, पण तिचा गोऱ्हा औताला उमदा बैल होतो, हे दुसरे दान विसरून तिची किंमत कशी करावी? म्हणूनच छोट्या कळपासाठी मला दुसऱ्या वेताची, वासरू पायाशी असलेली गाय सर्वांत प्रिय. कालवडीच्या बाबतीत आपण अंदाज बांधतो. हिच्या बाबतीत पान्हा, माया, धारेला उभी राहण्याची शांतता आणि वासराची चकाकी, सारे समोर उघडे असते.

एवढे वाचून झाले तरी अर्धे राहिलेच, कारण जन्मणाऱ्या प्रत्येक वासरात निम्मा वाटा वळूचा. वशिंड, भरदार मान, गळ्याची जाड पोळी, काळे घट्ट खूर, मागून पाहता सरळ पडणारे पाय हे डौलदार वाचन होतेच. मात्र ज्याच्याकडून आपल्याला दुधाच्या कालवडी हव्यात, त्याच्या अंगी कास नसते. ती पाहायला त्याच्या आईच्या गोठ्यात जावे लागते, तिची धार पाहावी लागते, जमल्यास बहिणींचीही. छोट्या कळपात तर हा वळू फार काळ ठेवताही येत नाही: त्याच्याच कालवडी माजावर येण्याआधी तो दुसऱ्या गावच्या गाईंकडे धाडावा लागतो, आणि पुढच्या वळूच्या आईचा शोध त्याआधीच सुरू झालेला असावा लागतो.