तेरा वर्षांच्या पोराला भ्यालेली बाई

‘अ‍ॅडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. चारच भाग. मी चारही बघितले, आणि तिसरा तीनदा. घरचे म्हणतात, खुनाबिनाच्या मालिका कसल्या बघत बसतेस. म्हणोत बापडे.

गोष्ट थोडक्यात सांगते. जेमी नावाच्या १३ वर्षांच्या मुलाला पोलीस पहाटे घरातून उचलतात. शाळेतल्या केटीला त्यानं भोसकलं, हे पहिल्या भागाच्या शेवटी कॅमेऱ्यातल्या चित्रणात आपण आणि त्याचा बाप एकदमच बघतो. म्हणजे खुनी कोण हे कोडं तिथंच संपलं. तिसऱ्या भागात अटकेला सात महिने झालेले आहेत. ब्रायनी ही मानसशास्त्रज्ञ न्यायालयासाठी अहवाल लिहायचा म्हणून त्याला भेटायला येते. एक खोली, एक टेबल, दोघं समोरासमोर, आणि सगळा भाग एका दमात चित्रित केलेला, मध्ये कुठं कट नाही. चर्चा झाली ती याचीच. पोराच्या कामाचीही झाली, आणि ती रास्तच आहे. ओवेन कूपरचं हे पहिलंच काम, त्यातही हाच भाग सगळ्यांत आधी चित्रित झाला. २०२५ च्या एमी पुरस्कारांत तो आणि ब्रायनी झालेली एरिन डोहर्टी, दोघांनाही पुरस्कार मिळाले.

पण बायांनो, मी बघत होते ती ब्रायनीकडे.

ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, वर मार्शमेलो घालून. आपल्या सँडविचमधलं अर्धं देते. आवाज मऊ. पोरगंही गोड बोलतं, चेष्टा करतं. मग ती वडिलांविषयी, आजोबांविषयी विचारायला लागते, पुरुष असणं म्हणजे तुला काय वाटतं असं विचारते, आणि त्याचा पारा चढतो. उठतो, ओरडतो, पेला भिरकावतो. खरा काटा येतो तो मात्र त्यानंतर. शांत झाल्यावर तो तिला हसतो की हो! तेरा वर्षांच्या मुलाला भ्यालीस, लाज नाही वाटत, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. आपल्याला भिता येतं कुणाला तरी, याची चव त्याला कळलेली आहे. ‘लहान आहे हो अजून’ हे वाक्य आपण आपल्या पोरांविषयी किती सहज बोलतो. इथं तेच वाक्य पोरगाच हत्यारासारखं वापरतो.

मध्ये एकदा ती बाहेर येते, तर तिथला पहारेकरी जवळ येऊन उभा. नको तितका जवळ. वाईट काही करत नाही, बोलत राहतो फक्त, सल्ले देतो. ती कसंनुसं हसून त्याला टाळते. ते हसू आपल्याला शिकवावं लागत नाही. बसमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या हॉलमध्ये आपण ते वापरलेलं आहे. दिग्दर्शक फिलिप बरँटिनीनं हा प्रसंग उगाच घातलेला नाही. आत पोरगं, बाहेर बाप्या, आणि दोघांसमोर हिला स्वतःला सांभाळायचंय.

जेमीचं एक बोलणं डोक्यातून जात नाही. केटीचा खाजगी फोटो मुलांत फिरला, ती खचली असेल, आता हो म्हणेल, असा हिशोब करून त्यानं तिला विचारलं होतं. आणि त्या रात्री आपण तिला हात लावू शकलो असतो, पण लावला नाही, इतर मुलांनी लावला असता, म्हणजे मी बराच, असंही तो सांगतो. ब्रायनी ऐकून घेते. चेहरा हलत नाही तिचा.

मालिकेवर माझा एक राग आहे. केटी कुठं आहे? दुसऱ्या भागात पोलीस बाई मिशा बोलून दाखवते, की सगळ्यांना जेमी आठवेल, केटी नाही. छान, पण बोलून दाखवलं म्हणजे भरपाई झाली का? केटीची आई आपल्याला भेटत नाही. तिला काय वाटलं असेल याचा थोडा अंदाज येतो तो याच खोलीत, ब्रायनीच्या अंगावरून. म्हणून मला हा भाग चारांत थोर वाटतो.

शेवटी ती सांगते, आज आपली शेवटची भेट. तो विचारतो, मी तुला आवडतो की नाही? पुन्हा पुन्हा विचारतो, ओढून बाहेर नेतात तेव्हाही ओरडत असतो. ती एकटी उरते. श्वास लागलेला. सगळं आवरताना त्यानं चावलेल्या सँडविचला हात लावते आणि झटक्यात मागे घेते. एक शब्द नाही.

चौथा भाग बापाचा. त्याचा पन्नासावा वाढदिवस, खराब केलेली व्हॅन, आणि रडणं. चांगलाच आहे, मीही रडले. त्यात जेमी फोनवर सांगतो, की आता मी गुन्हा कबूल करणार. ब्रायनीनं अहवालात काय लिहिलं, ते मात्र कुणी विचारत नाही.