वेदिका, गवाक्ष, मस्तानी

बाळासाठी ‘युनिक’ नाव हवं असतं, तेव्हा प्रत्येकाच्या अटी सारख्याच असतात. दोन-तीन अक्षरं, स्पेलिंग छोटं, आणि वर्गात त्या नावाचं दुसरं कुणी नको. सगळे एकाच चाळणीने चाळतात, म्हणून खाली रेयांश, कियान, विवान असं एकसारखंच पीठ पडतं. त्याला वैतागलेले माझ्या ऑफिसातले काही जण आता जुन्या पुण्यात नावं शोधतात. वाडे, देवळं, पेठा. मीही शोधतेय. भावाला मुलगी झालीय, बारसं निमोण्यात आहे, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा.

कल्पना चांगलीच आहे. विश्रामबागवाड्यातला ‘विश्राम’ घ्या. आजोबांच्या पिढीतलं नाव, पण आज हाक मारली तर एकदम ताजं वाटतं. ‘शिखर’, ‘कलश’ चालून जातात. ‘गवाक्ष’ म्हणजे खिडकी. मूळ अर्थ गाईचा किंवा बैलाचा डोळा. मला तो फार आवडतो, पण त्या मुलाला शाळेत ‘ए खिडकी’ म्हणणार हे नक्की.

घोळ होतो तो अर्थात. ‘वेदिका’ सध्या जोरात आहे आणि नावांच्या याद्यांत तिचा अर्थ ‘ज्ञान’ वगैरे दिलेला असतो. भाज्याला किंवा कार्ल्याला जाऊन बघा. लेण्यांच्या दर्शनी भिंतीवर कठड्यासारखी नक्षी कोरलेली दिसते, तीच वेदिका. लाकडी कठड्याची दगडात केलेली नक्कल. ज्ञानापेक्षा कठडा बरा. निदान धरता येतो.

‘ओसरी’, ‘पडवी’, ‘देवडी’ हे शब्दही मुलींची नावं म्हणून गोड वाटतात. पण वाड्यात हे शब्द माणसांना जागा दाखवायचे. देवडीवर कुणाला थांबवायचं, ओसरीपर्यंत कुणी यायचं आणि माजघरात कुणी पाऊल टाकायचं, हे जातीवरून आणि पैशावरून ठरलेलं असे. आमच्यासारख्या गावाकडून पुण्यात आलेल्यांनी ‘देवडी’ हे नाव नुसत्या नादासाठी ठेवावं, हे मला पटत नाही.

खरी गंमत शनिवारवाड्यात आहे. १७३० साली पाया घातलेल्या या वाड्याला पाच दरवाजे. गणेश आणि नारायण या दोन दरवाजांची नावं आपल्याकडे गल्लोगल्ली सापडतील. आणखी एक मस्तानी दरवाजा. मस्तानी नावाची मुलगी तुमच्या वर्गात होती? माझ्याही नव्हती. १७४० साली बाजीरावापाठोपाठ ती गेली. तिची कबर पाबळला, म्हणजे आमच्याच शिरूर तालुक्यात. मुलगा समशेरबहादूर १७६१ मध्ये पानिपताच्या युद्धात गेला. तरी तिचं नाव आपण दरवाजाला दिलं, आइस्क्रीम घातलेल्या दुधाला दिलं, मुलीला दिलं नाही. बदनामी हे कारण म्हणावं, तर नारायणरावाच्या १७७३ च्या खुनात आनंदीबाईवर ‘ध’चा ‘मा’ केल्याचा ठपका आहे, आणि आनंदी हे नाव आजही लाडकं आहे. म्हणजे जुनं आणि वेगळं नाव हवं म्हणताना आपण कुणाला वगळतो, हे आधीच ठरलेलं असतं. फॅमिली ग्रुपवर मी ‘मस्तानी’ सुचवलं, तेव्हा भावाने एवढंच लिहिलं, “ताई, बारशाला यायचंय ना तुला?”

तसा दगडाचा आणि नावाचा संबंध आपल्याकडे जुनाच आहे, फक्त तो हेरिटेज वॉकमध्ये सांगत नाहीत. दगडू, धोंडू, धोंडाबाई. पाठोपाठ मुलं दगावली की पुढच्याला असं ओबडधोबड नाव द्यायचे, म्हणजे त्याला दृष्ट लागू नये, मरणाचं तिकडे लक्ष जाऊ नये. आमच्या भावकीत एक धोंडाबाई होत्या, नव्वदीपर्यंत खुरपत होत्या. त्या नावाकडून एकच अपेक्षा होती, पोर जगावं. आज ‘धोंडा’ कुणी ठेवणार नाही, ते ठीकच आहे. पण कोरीव दगड चालतो आणि रानातला चालत नाही, ही निवड मला जरा खटकते.

सध्या वहिनीचं मत वेदिकाला आहे. अर्थ कठडा आहे हे मी तिला सांगून पाहिलं. ती म्हणाली, “मग बरंच की. रांगायला लागली की लागणारच आहे.”