बोटांना कळणारी वर्णमाला

येवल्याचे आमचे एक अंध शिक्षकमित्र टंकलेखन यंत्राची जुनी सवय मोडून संगणकावर इन्स्क्रिप्ट शिकू लागले. हाती आलेल्या पुस्तिकेत कळफलकाचे रंगीत चित्र, बाकी काही नाही! आम्हांला हे खटकले. इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आखलेली ही रचना चित्राशिवायही समजते.

एफ आणि जे या कळांवरच्या उंचवट्यांवर तर्जन्या ठेवा. उजव्या हाताच्या त्याच ओळीत प, क, त, च, ट हे वर्गांचे पहिले वर्ण आहेत. शिफ्ट दाबली की फ, ख, थ, छ, ठ. वरच्या ओळीत ब, ग, द, ज, ड. (मध्येच र आणि ह घुसले आहेत, ते वेगळे लक्षात ठेवायचे.) जुन्या यंत्रावर 'कि' लिहिताना वेलांटी आधी उमटवावी लागे, इथे क आधी, म्हणजे उच्चाराचा आणि बोटांचा क्रम एकच.

अनुनासिकांनी मात्र घोळ केला आहे. न, म, ण डाव्या हाताच्या खालच्या ओळीत, तर ञ पार उजव्या टोकाला. मित्रांच्या चुका इथेच होत. तेवढे पाठ करावे लागते.

हे सारे आम्ही त्यांना फोनवर सांगितले. दहा मिनिटे लागली.