मुलचेऱ्याचे महाराज आणि त्यांची ड्रेपरी

आपल्याकडच्या नाट्यसमीक्षकांनी एका रंगभूमीकडे कायमची पाठ फिरवलेली आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' केले, तिथून सगळे मोजायला सुरुवात करतात. पण त्याच्या कितीतरी आधीपासून, आणि आजतागायत एकही खाडा न करता, जी नाटके घरोघरच्या अंगणात, ओट्यावर आणि पलंगाखाली चालू आहेत, त्यांच्यावर कोणी दोन ओळींचा अभिप्राय लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक समीक्षकाच्या सोयीच्या दृष्टीने ही आदर्श रंगभूमी म्हणायला हवी. तिकीट नाही. चहा घरचा. संहिताच नसल्यामुळे ती न वाचता लिहिल्याचा दोष लागत नाही. आणि नटमंडळींना वाचता येत नसल्यामुळे उद्या कोणी भांडायला येण्याचा संभव नाही.

मी मात्र नातवाच्या कृपेने गेली तीन वर्षे मुलचेऱ्यात या नाटकांना पहिल्या रांगेत बसतो आहे. (दुसरी रांग नाही.) आज लिहायचे आहे ते फक्त वेशभूषेबद्दल. अभिनयाबद्दल बोलायला इथे जागा नाही, आणि संगीताबद्दल, म्हणजे तेलाच्या रिकाम्या डब्याबद्दल, शेजाऱ्यांचे बोलून झालेले आहे.

आता कोणी विचारील, पोरांच्या राजा-राणीच्या खेळातल्या कपड्यांत समीक्षा करण्यासारखे ते काय? तर हे मुलचेरा गडचिरोली जिल्ह्यात आहे आणि आमचा मुलूख झाडीपट्टीचा आहे, हे आधी ध्यानात घ्या. भाऊबीज झाली, धान निघाले की गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्या रात्र रात्र खेळ करत फिरतात ते थेट होळीपर्यंत. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याकडच्या काही मंडळींना झाडीपट्टी नावाची रंगभूमी आहे हे कळले. आमच्या पोट्ट्यांना ते दूध सुटायच्या आधीच ठाऊक असते. शालीत गुंडाळून, आईच्या मांडीवर, अर्धे झोपेत आणि अर्धे भानात त्यांनी ती नाटके पाहिलेली असतात. मखमलीचा कोट घातलेला खलनायक कसा चालतो, हे आमच्या अंगणातल्या पाच वर्षांच्या खलनायकाला शिकवावे लागत नाही. त्यात आसपास बंगाली वस्त्या. पूर्व पाकिस्तानातून आलेली ही मंडळी १९६०च्या दशकापासून या जंगलात वसली, आणि येताना दुर्गापूजा नि जात्रा दोन्ही घेऊन आली. तेव्हा आमच्या बालनटांची अपेक्षा मुळातच वरच्या पट्टीतली.

अशा ठिकाणी मागच्या दिवाळीला जावयांनी नागपूरहून नातवासाठी तयार 'राजाचा पोशाख' आणला. चकचकीत पिशवीत, वर एका गोऱ्या गोबऱ्या मुलाचा फोटो. आत लाल साटनचा अंगरखा, त्यावर सोनेरी पट्टी, इलास्टिकची चोळणा-विजार, गळ्याला बांधायची झूल, पुठ्ठ्याचा मुकुट आणि कानाला अडकवायच्या मिशा. दुकानाचे नाव मी सांगत नाही. सगळीकडे तेच मिळते.

प्रयोग सकाळी दहाला सुरू झाला. सव्वादहाला मिशा प्रधानाने मागितल्या आणि त्या दोघांत समान वाटल्या गेल्या. साडेदहाला महाराज कुडावरून शत्रूच्या प्रदेशात, म्हणजे शेजारच्या वांग्यांच्या वाफ्यात, उतरले. साटनचे एक आहे. त्याला जी चकाकी येते ती त्याचे धागे विणीतून मोकळे, लांब लांब वर पसरलेले असतात म्हणून येते. ते मोकळे धागे बांबूच्या खुंटाला अडकले की आख्खी रांग ओढली जाते. महाराज खाली आले तेव्हा पोटावर एक आणि पाठीवर दोन अशा सुरकुत्या उमटल्या होत्या, म्हातारपण आल्यासारख्या. जेवायच्या वेळेला काखेत उसवले. संध्याकाळी मुकुटावर कोणीतरी पाणी सांडले आणि राज्य बुडाले.

मागच्या बाजूला बटणांऐवजी ती चर्रकन सुटणारी चिकटपट्टी होती, वेल्क्रो म्हणतात ती. तिची कथा मोठी गमतीची आहे. १९४१ साली जॉर्ज द मेस्त्राल नावाचे एक स्विस इंजिनिअर कुत्र्याला घेऊन रानात फिरायला गेले. घरी येऊन पाहतात तो कुत्र्याच्या केसांत आणि स्वतःच्या विजारीला काटेरी बोंडे चिकटलेली. त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आकड्या पाहिल्या, आणि पुढे काही वर्षांनी ही पट्टी जन्माला आली. आमच्याकडे हे रोज घडते. फक्त आमच्या आया ती कुसळे पाठीत एक धपका घालून काढतात, त्यामुळे शोध लागायचा राहिला. असो. सांगायचे ते हे की ही पट्टी मुलचेऱ्याच्या रानात पहिल्यांदाच गेली आणि तिला आपले सगळे पूर्वज भेटले. तिने कुसळे, गवत, कोंबडीचे पीस आणि राणीचे केस अशा आवडीने धरून ठेवले की पट्टीला पट्टी धरायला जागाच उरली नाही. दुसऱ्या दिवसापासून महाराजांची पाठ उघडी.

आता मी हा पोशाख वाईट आहे असे म्हणत नाही. तो ज्या कामासाठी शिवलाय त्या कामाला उत्तम आहे. शाळेतल्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेला तो पुरतो. तिथे मूल तीन मिनिटे उभे राहते, पाठ केलेली चार वाक्ये म्हणते, तिसऱ्या वाक्याला आईकडे बघते, फोटो निघतो, आणि घरी येऊन कपडे काढते. त्या वेशाला पुढची बाजू असली की झाले. खेळातल्या राजाला मात्र चिंचेवर चढावे लागते. दुपारी माणसे कमी पडली की वाघ व्हावे लागते. वाघ मेला की त्याच पोशाखात जेवावे आणि कधी कधी निजावेही लागते. आणि खेळणाऱ्या मुलाला आपण कसे दिसतो याचे काडीचे सोयरसुतक नसते. त्याला राजा दिसायचे नसते, राजा असायचे असते. हा फरक शिवणाऱ्याच्या गावी नाही.

तो अंगरखा मी बाजारातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याकडे नेला. हे गृहस्थ तरुणपणी नाटकांची ड्रेपरी दुरुस्त करत. आमच्या भागात नाटकाच्या कपड्यांना ड्रेपरी म्हणतात आणि ती पुरवणारा तो ड्रेपरीवाला. त्यांनी अंगरखा उलटा केला, शिवण दोन बोटांत धरली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"हा कपडा नाही होय जी, हा फोटू होय."

"काऊन जी?"

"याच्यात माया कोठी आहे?"

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्याला शिंपी माया म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या दिवशी त्या शब्दाचा साक्षात्कार झाला. आदी शंकराचार्यांच्या मते माया आहे म्हणून जग खोटे. आमच्या शिंप्याच्या मते माया नाही म्हणून कपडा खोटा. दोघांत मला शिंपीबुवांचे पटते. त्यांनी मग जुन्या ड्रेपरीचा शास्त्रार्थ सांगितला. मखमल वरून, पण आत मांजरपाटाचे अस्तर, कारण ताण अस्तराने घ्यायचा आणि टाळ्या मखमलीने. काखेत वेगळा चौकोनी तुकडा घालायचा, म्हणजे तलवार उपसली तरी बाही उसवत नाही. पाठीला नाडी, म्हणजे जाडा राजा आजारी पडला तर बारीक राजा उभा राहतो. शिवणीत दोन बोटे माया, खाली चार बोटे दुमड. एकेक कोट दहा-दहा हंगाम चाले. बालगंधर्वांची कंपनी अस्सल भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध होती, आणि कर्जासाठीही. झाडीपट्टीचा ड्रेपरीवाला त्या वाटेला गेला नाही, कारण त्याला बैलगाडीतून पुढच्या गावी जायचे असे.

एक गोष्ट मात्र त्यांनी मी न विचारता केली. झुलीची गळ्याची नाडी कात्रीने कापून टाकली आणि खांद्यांवर दोन टिचबटणे लावली. "हे सुटली पायजे," म्हणाले. ही झूल अडकते ती झाडाच्या फांदीला, आणि फांदीवरून पोर खाली उडी मारते. तेव्हा बाकी सगळे शिवण बैलाच्या जुवासारखे मजबूत हवे, पण गळ्यापाशी ओढ बसली की झटकन सुटणारे. टिकाऊपणाच्या जाहिराती करणारे ही गोष्ट सांगत नाहीत. तशीच दुसरी, आगीची. २०१४ साली इंग्लंडात, क्लॉडिया विंकलमन या टीव्हीवरच्या निवेदिकेच्या आठ वर्षांच्या मुलीचा चेटकिणीचा पोशाख भोपळ्यातल्या मेणबत्तीने पेटला आणि मुलगी चांगलीच भाजली. तेव्हा तिकडे लोकांच्या लक्षात आले, की असे पोशाख कपड्यांत नव्हे, खेळण्यांत मोडतात, आणि रात्री घालायच्या कपड्यांना जो आगीचा कडक नियम तो यांना लागत नाही. ही कृत्रिम धाग्याची कापडे नुसती जळत नाहीत, वितळून अंगाला चिकटतात. आमच्याकडे भोपळे नसतात, पण चूल असते, थंडीत शेकोटी असते आणि दिवाळीत पणत्या. सुती कापडही पेटते, त्याला काही अग्निदेवाची सवलत नाही. म्हणून राजा कितीही मोठा असो, शेकोटीपाशी येताना झूल बाहेर काढून यायची, हा आमच्या दरबाराचा शिरस्ता आहे.

आता थोडे कडू. या जिल्ह्याचा स्वतःचा एक राजबिंडा नायक आहे. बाबुराव शेडमाके. गोंड जमीनदार घराण्यातला तरुण, जन्म १२ मार्च १८३३, अहेरी तालुक्यातल्या किष्टापूरचा. इंग्रजांशी लढला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेला. वय पंचवीस. आमच्याकडची पोरे शाळेतल्या कार्यक्रमात बाबुराव होऊ मागतात, आणि घरी आल्यावरही दोन दिवस त्यातून बाहेर येत नाहीत. दुकानात शिवाजी महाराज मिळतात, झाशीची राणी मिळते, कृष्ण तर डझनाने मिळतो. बाबुराव मिळत नाही. तसे सांगितले तर दुकानदार एक पिशवी पुढे करतो, तिच्यावर नुसते 'आदिवासी' असे छापलेले असते. आत बिबट्याच्या ठिपक्यांचा लंगोट, हिरव्या प्लास्टिकच्या पानांची झालर आणि डोक्याला कोंबड्याची रंगवलेली पिसे.

अशी एक पिशवी कोणाच्या तरी घरून आमच्या अंगणात आली. शेजारच्या गोंड आजींनी ती उघडून एकेक वस्तू बाहेर काढली.

"हे कोन होय जी?"

"आदिवासी, म्हणे."

"कोठले?"

याला मी काय उत्तर देणार? आजी या गावच्या, त्यांची सासू या गावची, आणि पानांची झालर त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्या थोडा वेळ हसल्या. मग नातवाला हाक मारून त्यांनी तो लंगोट त्याच्या हातातून काढून घेतला, आणि तेव्हा हसत नव्हत्या. घरात जाऊन त्यांनी पेटीतून आजोबांचे धोतर आणि एक पिवळा पटका आणला. पटका दोनदा सुटला, तिसऱ्यांदा बसला. मी आजवर जितकी वेशभूषा पाहिली त्यात पहिला क्रमांक मी त्या पटक्याला देतो. त्या पिशवीतल्या कपड्यांची शिवण उसवत नाही हे मी स्वतः ओढून पाहिले आहे. आणि ती उसवायला हवी होती.

दुसरा क्रमांक टोपराचा. बंगाली लग्नात नवरदेव डोक्याला घालतो तो पांढराशुभ्र, उंच, शोल्याच्या भेंडाचा मुकुट. आमच्या मंडळीतल्या एका बंगाली सभासदाने आपल्या वडिलांचा टोपर लपवून आणला. हलका असा की राजाला डोक्यावर मुकुट असल्याचा पत्ताच लागला नाही, आणि नाजूक असा की राजाच्या वडिलांना मात्र लागला. टिकाऊपणात शून्य, सौंदर्यात पैकीच्या पैकी. एकच प्रयोग झाला. पुढच्या प्रयोगांना राजाच्या आईने परवानगी नाकारली.

खाकी शर्टाबद्दल लिहावे की नाही, याचा मी जरा विचार केला. वनखात्यातल्या माणसाचा जुना खाकी शर्ट म्हणजे टिकाऊपणाचा कळस. गुडघ्यापर्यंत येतो, चार खिसे, उसवणे ठाऊक नाही. पण आमच्या जिल्ह्यात खाकी घालून पोरे खेळू लागली आणि समोरच्या पार्टीने काठीची बंदूक केली, की ओट्यावर बसलेल्या मोठ्या माणसांचे बोलणे आपोआप थांबते. कोणी तरी उठून, "चला रे, मुरमुरे खायला," म्हणतो. पोरांना कारण कळत नाही. मुरमुरे मात्र दर वेळी मिळतात, त्यामुळे तो खेळ ती मुद्दाम काढतात असा माझा संशय आहे.

तेव्हा सरतेशेवटी आमच्या ट्रंकेत काय उरले आहे ते सांगतो. शिंपीबुवांनी जुन्या पडद्याच्या मखमलीचा शिवून दिलेला एक बिनबाह्यांचा कोट, दोन बोटे मायेचा. तो गेल्या वर्षी एकदा उसवून मोठा केला आणि अजून एकदा करता येईल. लाकडी बटणे, कारण ती पाच वर्षांच्या बोटांना लागतात आणि सापडतातही. दोन पंचे. एक पटका. मिशा नाहीत; त्या कोळशाने काढतात. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला पाने, शिंपले, काड्या यांवर बालवाडी उभी केली, त्यांना ही ट्रंक पसंत पडली असती असे वाटते, कोळसा सोडून.

आणि एक नऊवारी लुगडे. आमच्या कुटुंबाच्या आजीचे, मध्ये दंड घातलेले, धुऊन धुऊन रंग कुठला ते सांगता न येणारे. याच्याइतका कसलेला नट मी पाहिला नाही. तो राजाचा तंबू होता, राणीचा शालू होता, अजगर होता, दवाखान्यातले पांघरूण होता. मी हे लिहितोय तेव्हा तो अंगणभर पसरून प्राणहिता नदीचे काम करतो आहे. महाराज पलीकडच्या काठावर अडकले आहेत, नावाडी जेवायला गेला आहे, आणि वाळवण घालायला कोणी नदी ओलांडून आले तर ओले व्हाल, अशी दवंडी तेलाच्या डब्यावर चालू आहे.