आख्यायिका आणि संहिता : अण्णा भाऊ साठे यांचे वाङ्मय एकत्र वाचताना

तेर येथे गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी थापटण्याकडे बोट दाखवून ते कशासाठी असते असे विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे सांगून गोरोबांनी एकेकाच्या मस्तकावर ते मारून पाहिले, आणि कुरकुर करणारे नामदेव तेवढे कच्चे ठरले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तेरणाकाठच्या या गावी गोरोबांच्या समाधीच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकाला ही कथा ठाऊक असते, चिखल तुडवताना पायाखाली आलेल्या तान्ह्या मुलाची कथाही ठाऊक असते. परंतु गोरोबांच्या नावावर असलेले मोजके अभंग वाचलेला भाविक विरळाच. आख्यायिका संहितेला झाकून टाकते, तेव्हा कवीचा गौरव अखंड चालू राहतो आणि कविता मात्र वाचायची राहून जाते.

अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या बाबतीत नेमके असेच घडत आले आहे. दीड दिवसाची शाळा, वाटेगावाहून मुंबईपर्यंतची पायपीट, घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी, १९६१ चा रशियाचा प्रवास, आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित-श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे हे १९५८ च्या दलित साहित्य संमेलनातील प्रतिपादन, एवढ्या सामग्रीवर त्यांची प्रतिमा उभी आहे. १ ऑगस्टला महाराष्ट्रभर त्यांची जयंती साजरी होते. पदव्युत्तर वर्गातही उत्तरपत्रिकेची पहिली दोन पाने चरित्राला आणि उरलेली ‘फकिरा’च्या कथानकाला खर्ची पडतात. हा आदर खोटा नाही. तथापि आदर आणि वाचन या दोन भिन्न गोष्टी आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ साली अर्जुन डांगळे व इतरांच्या संपादनाखाली अण्णा भाऊंचे निवडक वाङ्मय एका ग्रंथात आणले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात घ्यावे लागते. सुटीसुटी हाती येणारी कादंबरी, कथा, लोकनाट्य आणि शाहिरी शेजारी ठेवून वाचली असता काय दिसते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

अशा एकत्रित वाचनाने काय साधते, याचे एक उदाहरण अमेरिकन वाङ्मयातून घेता येईल. जॉन स्टाइनबेक या सामाजिक जाणिवेच्या कादंबरीकाराचे लेखन ‘लायब्ररी ऑफ अमेरिका’ या मालेत कालक्रमाने एकत्र झाले आहे. त्यातील १९९६ च्या खंडात ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) ही कादंबरी आणि त्यापूर्वी १९३६ साली स्थलांतरित शेतमजुरांवर त्याने वृत्तपत्रासाठी लिहिलेली लेखमाला शेजारी छापली आहे. वार्ताहराने पाहिलेली छावणी तीन वर्षांनी कादंबरीत कोणते रूप घेते, वृत्तांतातील कोणते दुःख कादंबरीकाराने राखले व कोठे त्याला अर्थ दिला, हे वाचकाला त्यामुळे पडताळता येते. लेखकाची सामाजिक जाणीव ही त्याच्या विधानांत शोधावयाची नसते. एकच अनुभव वेगवेगळ्या रूपबंधांत घालताना तो काय करतो, यात ती सापडते. अण्णा भाऊंना हीच कसोटी लावून पाहू.

त्यासाठी भूक हे एकच सूत्र घेतले तरी पुरेसे आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर अण्णा भाऊंनी ‘बंगालची हाक’ हा पोवाडा रचला. अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत लाल बावटा कलापथकात ते वावरत होते, तो हा काळ. पोवाडा हा समोर बसलेल्या समुदायाला उद्देशून असतो. त्यात भुकेलेला माणूस दूर बंगालात आहे आणि ऐकणारा गिरणगावात. शाहिराचे काम या दोघांमधले अंतर मिटवण्याचे. म्हणून येथे भुकेला एका व्यक्तीचा चेहरा नाही, आणि तिचे उत्तरही ऐकणाऱ्या जमावाकडे सोपवलेले आहे. निवेदक आणि श्रोता एकाच बाजूला उभे आहेत, ही या रूपबंधाची पूर्वअट होय.

‘फकिरा’ (१९५९) मध्ये दुष्काळ आणि रोगराई पुन्हा येते, ती वारणेच्या खोऱ्यात. मांगांवर गुन्हेगारीचा शिक्का आणि हजेरीचा जाच आहे, त्यात वस्ती उपाशी मरू लागते, तेव्हा फकिरा धान्य लुटून आणतो आणि वाटतो. पुढे सरकारी खजिन्यावर हात टाकतो. पोवाड्यात जमावाकडे सोपवलेले उत्तर येथे एका वीराच्या हाती आले आहे. हा वीर आकाशातून पडलेला नाही. गावासाठी जोगणी आणताना प्राण देणाऱ्या राणोजीचा तो मुलगा आहे. गावाच्या मानासाठी बापाने दिलेले रक्त आणि त्याच समाजाला कायद्याने ठरवलेले गुन्हेगार, या विसंगतीतून त्याचे बंड उगवते. शेवटी ओलीस धरलेल्या आप्तांसाठी तो स्वतःहून शरण जातो. ‘फकिरा’वर अद्भुतरम्यतेचा आक्षेप घेतला जातो, तो येथे तपासून घ्यावयास हवा. निवेदनाचा वेग, संवादांचा चढा स्वर, शौर्याचे प्रसंग रंगवण्याची हौस ही सारी पोवाड्याची देणगी आहे. वास्तववादी कादंबरीच्या थापटण्याने ठोकले तर हे मडके कच्चे वाजेल. पण ज्या समाजाच्या वाट्याला इतिहासात केवळ पोलिसी नोंदवही आली, त्याला पोवाडा देणे ही कादंबरीकाराची जाणीवपूर्वक केलेली निवड आहे, असे मानण्यास पुरेसा आधार संहितेत मिळतो.

तरीही आक्षेप पूर्णतः निकालात निघत नाही, आणि तो निकालात काढावा असेही मला वाटत नाही. कारण त्याचे उत्तर खुद्द अण्णा भाऊंच्या कथेत आहे. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतला भीमा वारणाकाठचाच. धिप्पाड, ताकदवान, म्हणजे फकिराच्या जातकुळीतला. मुंबईच्या उपनगरातील दगडाची खाण बंद पडते आणि त्याची ताकद बाजारात निरुपयोगी ठरते. राखेत सापडलेल्या सोन्याने त्याला वाट दाखवली, आणि तो रात्री मढी उकरू लागला. प्रेताच्या वाट्यासाठी त्याची कोल्ह्यांशी झुंज होते. झुंजीचे हे वर्णन ‘फकिरा’तील कोणत्याही लढाईइतकेच आवेशपूर्ण आहे, मात्र येथे त्या आवेशाखालची जमीन काढून घेतलेली आहे. वीर आहे, शौर्य आहे, आणि ते गाजवायला स्मशान आहे. मढ्याच्या जबड्यात अडकलेली बोटे तो गमावतो आणि त्याच सुमारास बंद खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. दगड फोडणाऱ्या माणसाची बोटे! या शेवटावर निवेदक भाष्य करीत नाही. पोवाड्यात जे उत्तर जमावाकडे होते, कादंबरीत वीराकडे होते, ते येथे कोणाकडेच नाही. एकाच लेखकाने एकाच भुकेला दिलेली ही तीन रूपे शेजारी ठेवल्याशिवाय त्याच्या जाणिवेचा आवाका कळत नाही. केवळ ‘फकिरा’ वाचणाऱ्याला अण्णा भाऊ आशावादी वाटतील, केवळ ही कथा वाचणाऱ्याला निराश. दोघेही अर्धेच वाचक ठरतील.

स्टाइनबेकवरही भावविवशतेचा आक्षेप घेतला गेला आहे. बाळंतपणात मूल गमावलेली स्त्री उपाशी परक्या पुरुषाला स्वतःचे दूध पाजते, हा ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’चा शेवट त्या आक्षेपाचे हमखास उदाहरण असतो. परंतु स्टाइनबेकला समूहाचा आवाज कादंबरीत आणण्यासाठी कथानकाबाहेरची स्वतंत्र प्रकरणे योजावी लागली. अण्णा भाऊंना तो आवाज परंपरेतून आयता लाभला होता. ही सोय होती, तसा धोकाही. धोका असा की, शाहिराचा स्वर प्रत्येक विषयाला एकाच उंचीवर नेतो. अनेक कादंबऱ्यांत योगायोगांची गर्दी आहे, खलपुरुष पहिल्या पानावरच ओळखू येतो, आणि ‘वैजयंता’, ‘चित्रा’ यांसारख्या नायिकांचे धैर्य कितीही लखलखीत असले तरी त्यांचे मोल अखेर शीलाच्या परिमाणाने जोखले जाते. शोषणाची एवढी तीक्ष्ण जाण असलेल्या लेखकाने स्त्रीच्या बाबतीत प्रस्थापित नीतिकल्पना फारशी तपासली नाही, हे नमूद करण्यात त्यांचा अवमान नाही. अवमान होतो तो न वाचता नमस्कार केल्याने.

‘निवडक’ ही पहिली पायरी होती. पुढची पायरी म्हणजे कालक्रमाने रचलेले, प्रथम प्रकाशनाच्या नोंदी आणि पाठभेद देणारे चिकित्सक संपादन. पोवाडा आधी की कथा, फडावर रंगलेले लोकनाट्य छापताना काय गळले, ‘फकिरा’ची भाषा त्याआधीच्या कथांत कशी घडत गेली, या प्रश्नांची उत्तरे जयंतीच्या भाषणांतून मिळणारी नाहीत. मराठवाड्यातल्या ज्या वर्गांत ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले ‘फकिरा’ अभ्यासतात, तेथे ‘स्मशानातील सोनं’ त्याच आठवड्यात शिकवली गेली, तर संपादनाची वाट न पाहताही बरेच काही साधेल.

गोरोबांच्या आख्यायिकेचा एक भाग आपण सहसा सांगत नाही. परीक्षा घेणारा स्वतः कुंभार होता. मडके कसे घडते, कोणत्या आचेत भाजते, हे त्याच्या हातांना ठाऊक होते. आणि ज्याला त्याने कच्चे ठरवले, त्याचीच पदे पुढे पंजाबात पोहोचून गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. समीक्षकाने थापटणे उचलावे, जरूर उचलावे. फक्त मडके कोणत्या मातीचे आहे याची चौकशी त्याने आधी करावी.