उगम आणि अर्थ

वाङ्मयांतील गर्भित उल्लेख हा टीपाकारांच्या विद्वत्तेचा विषय आहे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. काव्यांत एखादी जुनी कथा किंवा एखाद्या प्राचीन ग्रंथांतील शब्द सूचनेनें आला, कीं टीपाकारानें त्याचा उगम सांगावा, विद्यार्थ्यानें तो पाठ करावा व परीक्षकानें त्यास गुण द्यावे. एवढ्यानें उल्लेख समजला असें आपण धरून चालतों. मींही कित्येक वर्षें असेंच शिकविलें. उगम सांपडणें हा समजण्याचा आरंभ आहे, शेवट नव्हे, हें मला उशिरां कळलें. आणि तें ज्या कवितेमुळें कळलें तिची हकीकत येथें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही कविता ऑक्टोबर १९२२ मध्यें त्याच्याच ‘क्रायटेरियन’ त्रैमासिकाच्या पहिल्या अंकांत प्रसिद्ध झाली, तेव्हां तिला टीपा नव्हत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ती अमेरिकेंत पुस्तकरूपानें निघाली, तेव्हां कवीनें स्वतःच टीपा जोडल्या. पुढें १९५६ सालच्या एका व्याख्यानांत, या टीपांनीं अनेक जिज्ञासूंना भलत्याच शोधास लावलें, याबद्दल त्यानें खेद प्रदर्शित केला. कवितेच्या शेवटच्या भागांत मेघगर्जना बोलते. त्या बोलण्याचा उगम बृहदारण्यकोपनिषदाच्या पांचव्या अध्यायांत आहे, असें टीप सांगते. आणि मीही वर्गांत तेवढेंच सांगत आलों होतों. एके दिवशीं एका विद्यार्थ्यानें उठून विचारलें, “सर, पण तेथें आहे काय?” मला धड उत्तर देतां आलें नाहीं. घरीं वडिलांच्या कपाटांत उपनिषदें होतीं. तीं उघडण्यास मला एका इंग्रजी कवीची चिठ्ठी लागली, याची त्या रात्रीं मला लाज वाटली.

कथा लहानशी आहे. देव, मनुष्य व असुर हीं प्रजापतीचीं अपत्यें त्याच्यापाशीं ब्रह्मचर्यानें राहून शेवटीं उपदेश मागतात. तो प्रत्येकास ‘द’ एवढें एकच अक्षर सांगतो. देवांना त्यांत दम ऐकूं येतो, मनुष्यांना दान व असुरांना दया. आणि ‘तुम्हांला समजलें’ असा निर्वाळा प्रजापति तिघांनाही देतो. मेघांची गर्जना तोच उपदेश अद्याप करीत असते. देव व असुर म्हणून कोणी निराळे नसून तीं मनुष्यांचींच रूपें आहेत, असाही एक अर्थ शंकराचार्यांनीं आपल्या भाष्यांत सुचविला आहे.

आतां कविता पुन्हां वाचावी. उपनिषदांतील क्रम दम, दान, दया असा; एलियटचा दान, दया, दम असा. म्हणजे मनुष्यांना मिळालेला उपदेश त्यानें पहिला केला. देव आणि असुर त्यानें गाळले. तिन्ही उपदेश मनुष्याच्याच कानीं पडतात. परंतु सर्वांत मोठी गाळणूक प्रजापतीची आहे. उपनिषदांत ऐकणाऱ्यास आपलें उणें कळतें व गुरु तें कळल्याची साक्ष देतो. येथें दानाच्या शब्दापुढें दिल्याघेतल्याचा प्रश्न उभा राहतो, दयेच्या शब्दापुढें प्रत्येकाचें कोंडलेपण, आणि दमाच्या शब्दापुढें हातून निसटलेली एक शक्यता; पण ‘समजलें’ असें म्हणणारा कोणी उरलेला नाहीं. त्या कवितेंतील उजाडपण मला या गाळणुकींत जितकें जाणवलें, तितकें तिच्यांतील कोरड्या खडकांतही जाणवलें नव्हतें. टीपेंत उगमाचा पत्ता आहे. ही उणीव ज्याला मूळ कथा संपूर्ण ठाऊक आहे त्यालाच दिसते.

कोणी म्हणेल, इतकें ठाऊक नसतांही ती गर्जना कानाला थरारून सोडते. हें खरें आहे, आणि ज्या कवितेंत तेवढेंही सामर्थ्य नाहीं तिला कोणतीही टीप तारूं शकणार नाहीं. परंतु कवि जेव्हां जुन्या कथेची आठवण देतो, तेव्हां तो तिच्याशीं कांहीं बोलत असतो. कधीं होकार देतो, कधीं भांडतो. त्या संवादांतील एकच बाजू ऐकून संतुष्ट राहणें हें रसिकाला शोभत नाहीं.

महाभारताच्या आदिपर्वांत बाल अश्वत्थामा पीठ कालविलेलें पाणी पितो आणि दूध प्यालों म्हणून आनंदानें नाचतो. अनुशासनपर्वांतील उपमन्यूला त्याची आई तसेंच पाणी देते. पण तो फसत नाहीं, कारण त्यानें खरें दूध एकदां चाखलेलें असतें. टीपेचें पाणी विद्यार्थ्यांना पाजून त्यांचा नाच पाहण्यांत मीं पुष्कळ वर्षें घालविलीं. आतां वर्गांत टीप वाचण्यापूर्वीं मी ती कथा संपूर्ण सांगतों. अभ्यासक्रम थोडा मागें राहतो, त्याला माझा इलाज नाहीं.